लाकडी कोर्ट पाण्याने का पुसू नये? मराठवाड्याच्या हवेतली निगा

बॅडमिंटन किंवा बास्केटबॉलच्या हॉलमधलं लाकूड खेळाने जितकं झिजतं, त्याहून जास्त बादली आणि पोछ्याने खराब होतं. शहाबादी फरशी रोज पाण्याने पुसायची आपली सवय पक्की, आणि तीच कोर्टवर चालवली जाते. दगड पाणी सोसतो, लाकूड ते पिऊन घेतं.

ओलावा घेतलेली फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र फुगते. फळ्या एकमेकींना खेटून असल्याने त्यांना सरकायला जागा नसते. मग कडा वर येतात आणि शेवटी फरशीला फुगवटा येतो. उन्हाळ्यात उलट होतं, लाकूड आकसून फटी पडतात. म्हणूनच भिंतीलगत चारही बाजूंनी मोकळी जागा सोडून ती पट्टीने झाकतात. नीटनेटकं दिसावं म्हणून कुणी ती सिमेंटने बुजवली, तर पुढच्या पावसाळ्यात फरशी उचललीच म्हणून समजा.

मेपल फरशी बनवणाऱ्यांची अमेरिकेतली संघटना हॉलमधली आर्द्रता ३५ ते ५० टक्के ठेवायला सांगते. नांदेड-लातुरात हे सोपं नाही. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो आणि दुपारची हवा ठणठणीत कोरडी असते. ऑगस्टमध्ये तीच हवा दमट होते. त्यामुळे भिंतीवर एक साधा आर्द्रतामापक लावून रोज नोंद ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. फक्त स्पर्धेपुरता एसी लावून नंतर बंद केला, तर चढउतार वाढतात. कूलरचा झोत एकाच कोपऱ्यावर नको, आणि त्याचं गळकं पाणी तर अजिबात नको.

रोजचं काम साधं आहे: खेळ सुरू होण्याआधी रुंद, सुका मॉप फिरवणं. बुटांखालची धूळ पॉलिश कागदासारखी वरचा थर घासते आणि पायही घसरतो. गुडघा किंवा घोटा मुरगळतो तो अनेकदा अशाच धुळीवर. बाहेरचे बूट दाराशीच काढावेत. घाम पडला की सुक्या कापडाने लगेच टिपावा. फिनाइल, रॉकेल, तेल किंवा घरगुती मेणाचं पॉलिश लावू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुराला पाण्याविना स्वच्छ होणारी फरशी खरं तर सोयीचीच.

लाकडी कोर्टवर एवढा खर्च करायचा तो त्याच्या लवचीकपणासाठी. युरोपच्या ईएन १४९०४ या मानकानुसार खेळाच्या फरशीने धक्क्याचा किमान २५ टक्के भाग शोषायला हवा, आणि काँक्रीटवर चेंडू जितका उसळतो त्याच्या निदान ९० टक्के तो उसळायला हवा. हे काम फळ्यांखालच्या पट्ट्या आणि रबरी गाद्या करतात. हॉल लग्नाला किंवा सभेला दिला, की खुर्च्यांचे पाय आणि मंडपाचं वजन थेट त्यांच्यावर येतं. देणं टळत नसेल तर आधी जाड आच्छादन आणि त्यावर प्लायवूड टाकावं.

वरचा थर मंद पडला की तो हलका घासून नवा थर द्यावा. वेळेत दिला, तर खालचं लाकूड तासायची पाळी लवकर येत नाही.

काळ्या मातीच्या भागात पावसाळ्यात ओलावा खालूनही येतो. एखाद्या जागी चेंडू कमी उसळू लागला किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर पट्टी काढून आधी वाळवी आणि गळका पाइप शोधावा.