शिकाऱ्याचं धनुष्य, शिकारीशिवाय

भवानीनगर म्हटलं की छत्रपती साखर कारखाना आणि उसाच्या गाड्या, बास. धनुष्यबाण कुणाच्या डोक्यात येत नाही. पण इथून खाली नीरा ओलांडली की फलटण तालुका. त्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला गाल्सन बाझारझापोव्ह या तगड्या रशियन तिरंदाजाला ६-० ने घरी पाठवलं. पुढच्या फेरीत तो अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनकडून हरला, ते सोडा. त्याच सातारा जिल्ह्यातली अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या १७ व्या वर्षी जगज्जेती झाली. गंमत म्हणजे दोघांची हत्यारं वेगळी. प्रवीणचं रिकर्व्ह, अदितीचं कंपाऊंड.

रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढच्या बाजूला वळलेलं धनुष्य. हे डिझाईन हजारो वर्षांचं. शिंग, लाकूड आणि जनावराचे स्नायुतंतू एकत्र चिकटवून केलेलं असं आखूड, जोरदार धनुष्य मध्य आशियातले घोडेस्वार वापरायचे, पुढे मोगल फौजांतही तेच होतं. आज कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम आलं, पण तत्त्व तेच: जितकं ओढाल तितकं जड. पूर्ण ओढल्यावर सगळा भार तीन बोटांवर. म्हणून फार वेळ थांबता येत नाही.

इथे एंट्री होते हॉलेस विल्बर अ‍ॅलनची. अमेरिकेतल्या मिझुरीचा हा गडी, हरणांच्या शिकारीचा नाद असलेला. त्याने चक्क रिकर्व्हची टोकं कापली आणि तिथे कप्प्या बसवल्या! १९६६ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळालं. टॉम जेनिंग्ज नावाच्या धनुष्य बनवणाऱ्याने ते बाजारात आणलं.

ट्रिक अशी की कप्पीचा आस मध्यभागी नसतो. त्यामुळे ओढताना आधी जोर लागतो आणि शेवटी अचानक हलकं होतं. समजा ६० पौंडांचं धनुष्य आहे आणि सूट ८० टक्के आहे. मग पूर्ण ओढल्यावर हातावर उरले फक्त १२ पौंड. मेकॅनिकलवाल्यांनी खूश व्हावं असं काम!

हे शिकाऱ्यालाच का सुचलं? कारण हरीण काही तुमच्या सोयीने उभं राहत नाही. त्याचं डोकं झाडाआड असताना धनुष्य ओढायचं आणि ते आडवं होईपर्यंत गप्प थांबायचं. शिवाय बाण गोळीसारखा धक्का देत नाही, तो रक्तस्रावाने मारतो. फुप्फुसं किंवा हृदय चुकलं की जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी तासन् तास तडफडतं. मैदानावर नेम चुकला तर दोन गुण जातात. रानात चुकला तर त्याची किंमत दुसराच कुणी मोजतो. टार्गेट रिकर्व्ह सोडून कंपाऊंड घेऊन रानात शिरणाऱ्याचा खरा बदल हा आहे, कप्प्यांचा नाही.

आता आपल्याकडे या. १९७२ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी म्युनिकला तिरंदाजी १९२० नंतर पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये परतली. आणि त्याच वर्षी आपला वन्यजीव संरक्षण कायदा आला. या कायद्यात शिकारीचा नुसता प्रयत्न हीसुद्धा शिकारच. बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारांसाठी. तिथे धनुष्य घेऊन जायचा विचारही करू नका.

म्हणजे झालं काय, तर शिकाऱ्याने शिकारीसाठी केलेलं यंत्र आपल्याकडे शिकार वजा करून आलं. उरला कागद: रिकर्व्हला ७० मीटरवर, कंपाऊंडला ५० मीटरवर. कंपाऊंडला भिंग चालतं, दोरी सोडायला ट्रिगरसारखं रिलीज चालतं. रिकर्व्हवाले म्हणतात, ही कसली तिरंदाजी, मशीनच सगळं करतं! मला नाही पटत. मशीन सगळ्यांकडेच असतं, त्यामुळे चुकीला जागाच राहत नाही. बर्लिनच्या अंतिम फेरीत नागपूरच्या ओजस देवतळेने १५ बाणांत १५० पैकी १५० काढले. एक ९ पडला असता तरी सामना फिरू शकला असता.

आणि हे सगळं करताना या पोरांना ऑलिंपिकचं दार बंद होतं. कंपाऊंड जागतिक स्पर्धेत १९९५ पासून आहे, आशियाई खेळांत २०१४ पासून, पण ऑलिंपिकमध्ये नाही. आपल्याकडे ऑलिंपिक हा शब्द असला की गावात सत्कार होतो, नोकरीची आशा लागते. तो नसताना घरच्यांना समजावून कंपाऊंड उचलणं म्हणजे मोठाच जुगार. २०२५ मध्ये निर्णय झाला, २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा असेल. एकच पदक, पण दार किलकिलं झालं.

अमेरिकेत आजही बरेच जण हरणासाठीच कंपाऊंड विकत घेतात. साताऱ्या-नागपूरच्या पोरांनी ते घेतलं आणि रक्ताचा थेंब न सांडता जग जिंकलं. अ‍ॅलनसाहेबांनी याचं पेटंट घेतलं नव्हतं!