पडलेला दात आणि अर्धा तास

आमच्या लहानपणी क्रिकेट खेळताना कुणाचा पुढचा दात पडला, की मोठी माणसं आधी रक्त थांबलं का ते बघायची. दात मातीतच राहायचा!

खरं तर निखळलेला दात परत बसवायची कल्पना जुनीच. 16व्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रुआज पारे असा दात जागेवर बसवून शेजारच्या दातांना बांधत असे. पण असे काही दात टिकतात, काही नाही. असं का, हे 1966 साली डेन्मार्कच्या आंद्रेआसेन आणि यॉर्टिंग-हान्सेन यांनी परत बसवलेले 110 दात तपासून दाखवलं. अर्ध्या तासात बसवलेल्यांपैकी 90 टक्क्यांची मुळं शाबूत होती. दोन तासांहून उशीर झालेल्यांपैकी 95 टक्क्यांची झिजली होती. मुळावरच्या पेशी कोरड्या पडून मरतात, म्हणून.

म्हणजे उपचार दवाखान्यात नव्हे, मैदानावरच सुरू होतो. कायमचा दात असेल तर मुळाला हात न लावता उचला, हलकेच विसळून जागेवर बसवा. जमत नसेल तर दुधात ठेवा आणि लगेच डेंटिस्ट गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवू नका.

डॉक्टरांना हे ठाऊक असतं. पण त्या अर्ध्या तासात मुलाजवळ असतात ते मित्र, पीटीचे सर आणि आपण. तेव्हा मंडळी, भाचे-पुतण्यांना आजच सांगून ठेवा.