चलित्राचे गतिनियंत्रण व मराठवाड्यातील कृषिपंप

प्रत्यावर्ती (ठराविक काळाने दिशा बदलणाऱ्या) विद्युत् प्रवाहावर चालणाऱ्या चलित्राचा (मोटरीचा) वेग हवा तसा कमीजास्त करणे म्हणजे गतिनियंत्रण होय. ट्रँझिस्टरांच्या साहाय्याने ते साधण्याची पद्धत प्रथम कारखान्यांत रूढ झाली. पुढे सौर कृषिपंपांबरोबर ती नांदेड, लातूर इ. जिल्ह्यांतील शेतांपर्यंत पोहोचली.

प्रवर्तन चलित्राचे तत्त्व गालीलेओ फेर्रारीस व निकोला टेस्ला यांनी १८८८ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. त्याच्या घूर्णकास (फिरणाऱ्या भागास) बाहेरून वीज द्यावी लागत नसल्यामुळे हे चलित्र स्वस्त व दणकट असते. मात्र त्याचा वेग पुरवठ्याच्या कंप्रतेशी (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांशी) जखडलेला असतो. कंप्रता ५० हर्ट्‌झ असता दोन ध्रुवांच्या चलित्रातील चुंबकीय क्षेत्र मिनिटास ३,००० फेरे घेते व घूर्णक त्याहून किंचित कमी वेगाने फिरतो.

हैदराबाद संस्थानात असलेला मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. ग्रामीण विद्युतीकरणाबरोबर विहिरीवरील मोटेची जागा विजेच्या पंपाने घेतली. हा पंप पूर्ण वेगाने चाले, नाही तर बंद असे. शेतीची वीज पाळीपाळीने मिळत असल्यामुळे शेतकऱ्यास कित्येकदा रात्री, अंधार व सापविंचू यांची भीती असतानाही, पिकास पाणी देण्यासाठी जावे लागे.

ट्रँझिस्टराचा शोध १९४७ मध्ये लागला. परंतु मोठा विद्युत् प्रवाह व उच्च दाब पेलणारे ट्रँझिस्टर बनण्यास काही दशके लागली. आज या कामी सर्वाधिक वापरात असलेल्या आयजीबीटी या प्रयुक्तीच्या विकासात बी. जयंत बालिगा या भारतीय वंशाच्या अभियंत्यांचा १९८० नंतरच्या काळात मोठा वाटा होता. असे सहा ट्रँझिस्टर ठराविक क्रमाने सेकंदास हजारो वेळा चालू-बंद करून एकदिश प्रवाहापासून हव्या त्या कंप्रतेचा त्रिकला प्रवाह निर्माण करतात. कंप्रतेबरोबर दाबही त्याच प्रमाणात बदलल्यास चलित्राचे चुंबकन जवळजवळ स्थिर राहते.

सौर पट्ट्यांपासून एकदिश प्रवाह मिळतो व त्याची शक्ती उन्हानुसार बदलते. प्रत्यावर्ती चलित्राच्या सौर पंपात नियंत्रक उपलब्ध शक्ती पाहून कंप्रता ठरवितो. ढग आल्यास पंप मंदावतो, ऊन पडताच पुन्हा वेग घेतो. २०१९ मधील प्रधानमंत्री कुसुम व २०२४ मधील ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ या योजनांमुळे अशा पंपांचा प्रसार झाला व दिवसा सिंचन शक्य झाले. दुसऱ्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास किंमतीच्या १०% व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांस ५% हिस्सा भरावा लागतो.

या पद्धतीस निसर्गनियमाची मर्यादा आहे. केंद्रोत्सारी पंपाचा विसर्ग (बाहेर पडणारे पाणी) वेगाच्या प्रमाणात, पाणी चढविण्याची उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८०% झाल्यास शक्ती सु. ५१% पुरते, पण जास्तीत जास्त १०० मी. चढविणारा पंप ६४ मी.च चढवू शकतो. त्यामुळे खोल विंधन विहिरीवर (बोअरवर) सकाळ-संध्याकाळी चलित्र फिरत असूनही पाणी बाहेर येत नाही, असे घडते.

दुसरी मर्यादा भूजलाची. मराठवाड्याच्या बऱ्याच भागातील बेसाल्ट खडकात पाण्याचा साठा मर्यादित असतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मी.हून खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत. सौर पंपास विजेचे देयक नसल्यामुळे उपसा आवरण्याचे खर्चाचे बंधनही सुटते. ट्रँझिस्टरांनी शेतकऱ्याची रात्रपाळी टाळली. विहिरीतील पाणी टिकविण्यासाठी मात्र पुनर्भरण व पिकांची योग्य निवड यांचाच अवलंब करावा लागतो.