केळ्याचं दूध किती वेळ टिकतं? बनाना शेक ताजा ठेवण्याची सोपी पद्धत

सकाळी घाईघाईत बनाना शेक करायचा, बाटलीत भरायचा आणि बॅगेत टाकून कॉलेजला किंवा ऑफिसला पळायचं, असं तुमच्यापैकी बरेच जण करत असतील. मीही करायचो. एका उन्हाळ्यात सकाळी ८ वाजता भरलेली बाटली मी दुपारी २ वाजता उघडली. झाकण काढताना 'फस्स' आवाज आला आणि आतला शेक तपकिरी झाला होता. पण वास फारसा वाईट नव्हता, म्हणून अर्धी बाटली पिऊन टाकली. त्या रात्री आमचं रिलीज होतं. ते टीममधल्या दुसऱ्यानेच सांभाळलं, कारण मी बाथरूममधून बाहेरच येऊ शकत नव्हतो.

तेव्हा हा विषय नीट वाचून काढला. या लेखात आपण पाहूया की केळ्याचं दूध काळं का पडतं, खराब का होतं आणि ते ताजं ठेवण्यासाठी नेमकं काय करायचं.

घाईत असाल तर एवढंच वाचा

- बाहेर, साध्या तापमानाला: जास्तीत जास्त २ तास
- कडक उन्हाळ्यात, ३२ अंशांच्या वर: फक्त १ तास
- फ्रिजमध्ये, ४ अंश किंवा त्याखाली, बंद बाटलीत: त्याच दिवशी संपवा, फार तर २४ तास
- फ्रीझरमध्ये शेक नको, केळ्याचे काप ठेवा: २ ते ३ महिने

शेक काळा का पडतो?

केळ्याच्या पेशीत पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम असतं. ते ज्या फिनॉल पदार्थांवर काम करतं, ते पेशीतच पण वेगळ्या कप्प्यात असतात. केळं अख्खं असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. आपण मिक्सर फिरवला की कप्पे फुटतात, सगळं एकत्र होतं आणि मिक्सरने आत ओढलेल्या हवेतला ऑक्सिजनही त्यात मिसळतो. मग तपकिरी रंग तयार व्हायला लागतो. शिकरण केल्या केल्या पोळीबरोबर खाऊन टाकायची असते ती याचमुळे. सकाळची शिकरण संध्याकाळी बघवत नाही.

पण रंग बदलला म्हणजे शेक विषारी झाला असं नाही. ही नुसती रासायनिक क्रिया आहे. चव थोडी उतरते, एवढंच.

मग खराब कशामुळे होतो?

जिवाणूंमुळे. आणि इथे रंगाचा काही भरवसा नाही. शेक पांढराशुभ्र असून खराब असू शकतो आणि तपकिरी असून चांगलाही असू शकतो.

दूध आणि केळं मिळून पाणी, साखर आणि प्रथिनं असं जिवाणूंचं आवडतं जेवण तयार होतं. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा त्यांच्या वाढीचा पट्टा. अनुकूल तापमानात काही जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. कोडिंग करणाऱ्यांना दोनचे घात पाठ असतात, तर हिशोब करून बघा:

- २ तास = ६ वेळा दुप्पट = एकाचे ६४
- ४ तास = १२ वेळा दुप्पट = एकाचे ४,०९६
- ६ तास = १८ वेळा दुप्पट = एकाचे २,६२,१४४

माझी बाटली बरोबर ६ तास बॅगेत होती! प्रत्यक्षात वाढ इतकी आखीव नसते, पण २ तासांचा नियम कुठून येतो हे यावरून कळतं. ते 'फस्स' म्हणजे आत आंबण्याची क्रिया सुरू होऊन गॅस साठल्याची खूण होती. अशी बाटली चव बघण्यासाठीसुद्धा तोंडाला लावू नका, सरळ ओतून द्या.

बनवताना काय काळजी घ्यायची?

१. दूध तापवून, गार करून, फ्रिजमधलं थंड घ्या. कोमट दुधात केला तर विकर आणि जिवाणू दोन्ही जोरात कामाला लागतात. सुटं दूध असेल तर उकळल्याशिवाय वापरूच नका.

२. पिवळंधमक केळं घ्या. साल फाटलेलं, आतून गळलेलं केळं ठेवायच्या शेकसाठी नको. फ्रिजमध्ये ठेवल्यामुळे नुसती साल काळी झाली असेल तर मात्र काही हरकत नाही, आतलं केळं बहुतेक वेळा चांगलंच असतं.

३. मिक्सर कमी वेळ फिरवा. जास्त फेस म्हणजे जास्त हवा, आणि जास्त हवा म्हणजे लवकर काळं.

४. मिक्सरच्या पात्याखालची रबराची रिंग आणि बाटलीच्या झाकणातली रिंग काढून धुवा. कालच्या शेकचा थर तिथेच लपून बसतो. बाटली चकचकीत दिसते, पण नवीन शेकमध्ये जुने जिवाणू आधीच हजर असतात.

लिंबू पिळलं तर काळं पडत नाही, असं बरेच जण सांगतात. आंबटपणामुळे हे विकर मंदावतं हे खरं आहे, पण दुधात पुरेसं लिंबू पडलं की दूध फुटतं. म्हणून लिंबू नुसत्या कापांना लावा, तेही एक-दोन थेंब.

फ्रिजमध्ये कसा ठेवायचा?

काचेची किंवा स्टीलची बाटली घ्या आणि काठोकाठ भरा. वर रिकामी जागा कमी, म्हणजे आत हवा कमी. बाटली दारात ठेवू नका. फ्रिज उघडला की सगळ्यात आधी दार गरम होतं. मागच्या बाजूला, आतल्या कप्प्यात ठेवा. थोड्या वेळाने शेक थरांत वेगळा झालेला दिसेल. ते नासणं नाही, हलवला की एकजीव होतो. हलवूनही गाठी राहिल्या आणि आंबट वास आला, तर तो गेला.

लाइट गेली तर दार न उघडता फ्रिज साधारण ४ तास थंडावा धरतो. गावी जाऊन आल्यावर मध्ये किती वेळ लाइट नव्हती हे कळत नाही. त्यासाठी एक युक्ती: फ्रीझरमध्ये एका वाटीत पाणी गोठवा आणि त्या बर्फावर एक नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर मधल्या काळात बर्फ पूर्ण वितळला होता. मग आतलं दूध आणि दुधाचे पदार्थ टाकून द्या.

बाहेर न्यायचाच असेल तर?

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे शेक नेऊच नका, केळं आणि थंड दूध वेगळं न्या. ते जमत नसेल तर व्हॅक्यूमची बाटली घ्या. आधी १० मिनिटं तिच्यात बर्फाचं पाणी भरून ठेवा, मग ते ओतून थंडगार शेक भरा. गरम बाटलीत थंड शेक ओतला तर थोडा थंडावा बाटलीच खाते. दोन-चार बर्फाचे खडे टाकले तर आणखी चांगलं.

माझी आत्ताची पद्धत सांगतो. रविवारी सहा केळ्यांचे काप करून ताटात पसरून फ्रीझरमध्ये ठेवतो. कडक झाले की झिपच्या पिशवीत भरतो. रोज मूठभर काप आणि कपभर दूध फिरवतो, एका मिनिटात शेक तयार आणि तोही आइस्क्रीमसारखा थंड. ठेवायची भानगडच नाही!

दुकानातलं बनाना मिल्क महिनोन्महिने कसं टिकतं?

तीन कारणं आहेत. पहिलं, उष्णता. पाश्चरायझेशनमध्ये दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात, ते फ्रिजमध्येच ठेवावं लागतं. यूएचटी पद्धतीत १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात भरतात, म्हणून ते न उघडता बाहेर टिकतं. दुसरं, पॅकिंग. या खोक्यात कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर असतात, त्यामुळे प्रकाश आणि हवा आत जात नाही. तिसरं कारण गमतीचं आहे. अनेक पॅकेटमध्ये केळं नसतंच किंवा नावाला असतं. केळ्याचा वास मुख्यतः आयसोअमाइल ॲसिटेट या पदार्थाचा असतो आणि तो वेगळा घालता येतो. केळंच नाही, तर काळं काय पडणार?

कोरियन मालिका बघणाऱ्यांना बिंग्रे कंपनीची मडक्यासारखी गोल बाटली आठवत असेल. हे पेय दक्षिण कोरियात १९७४ पासून मिळतं आणि त्याच्या कोरियन नावाचा अर्थच 'केळ्याच्या चवीचं दूध' असा आहे. ती बाटली तिथे दुकानातही फ्रिजमध्येच असते.

लक्षात ठेवा, कुठलंही पॅकेट एकदा उघडलं की छापलेली तारीख विसरायची. मग ते घरच्या दुधासारखंच समजा: फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा.

फोनचा उपयोग करा

- शेक भरला की २ तासांचा टायमर लावा आणि त्याला 'शेक' असं नाव द्या.
- फ्रिजमध्ये ठेवताना बाटलीचा फोटो काढा. फोटोवर वेळ आपोआप नोंदली जाते, त्यामुळे 'हा कालचा की परवाचा?' हा रूममेटशी होणारा वाद संपतो.
- पॅकेटवरचा १४ आकडी परवाना क्रमांक 'फूड सेफ्टी कनेक्ट' या सरकारी ॲपवर तपासता येतो.

दोन नेहमीचे प्रश्न

*शंका वाटली तर उकळून प्यायला चालेल का?* नाही. उकळल्यावर बरेच जिवाणू मरतात, पण काहींनी आधीच तयार केलेलं विष उष्णतेनेही नष्ट होत नाही.

*वास चांगला आहे, मग पिऊ का?* आजारी पाडणारे सगळे जिवाणू वास सोडत नाहीत. माझ्या बाटलीलाही वास नव्हता. किती वेळ बाहेर होती ते मोजा आणि त्यावरच ठरवा.

एक ग्लास शेक टाकून द्यायला जीवावर येतं, हे मान्य. पण पोट बिघडल्यावर दोन दिवस वाया जातात आणि औषधांचा खर्च वेगळा. पीजीत किंवा हॉस्टेलवर राहणाऱ्या मित्राला हा लेख नक्की पाठवा, बहुतेक त्याच्या बॅगेत आत्ताही एक बाटली असेल!