टेलला पाणी

बेगमपुऱ्यातल्या आमच्या वाड्यात आजोबांच्या गोष्टींत राजे-राण्या कमी आणि पाण्याची भांडणं जास्त. त्यांच्या लहानपणी नहरीचं पाणी हौदात यायचं, हौदातून गल्ल्यांत. वरच्या आळीतला एखादा महाभाग रात्री खापरी नळाला भोक पाडून पाणी भरायचा आणि सकाळी त्यात चिंधी कोंबून ओट्यावर साळसूदपणे दात घासत बसायचा. खालच्या आळीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन थेट त्याच्या दारात. मग चार बुजुर्ग बसायचे, हिंदू-मुसलमान दोन्ही. निवाडा एकच: काही दिवस खालच्या आळीने आधी भरायचं, वरच्याने मागून. कागद नाही, शिक्का नाही.

ही नहर मलिक अंबरची कल्पना. निजामशाहीच्या या हबशी वजिराने १६१० साली खडकी वसवली. तीच पुढे औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. जागा निवडली खाम नदीच्या खोऱ्यात, भोवती डोंगर. पण खाम पावसाळ्यातली शूर. उन्हाळ्यात तिचा काय भरवसा? म्हणून त्याने वाहत्या पाण्याऐवजी मुरलेलं पाणी धरलं. उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याशी जमिनीत झिरपलेलं पाणी गोळा करून ते भुयारी नळांतून, निव्वळ उताराच्या जोरावर गावात आणलं. वाटेत जागोजागी विटा-चुन्याचे बंबे. पाणी बंब्यात वर चढतं, तिथे दाब मोडतो, कोंडलेली हवा सुटते, गाळ तळाशी बसतो आणि निवळ पाणी पुढे जातं. ना पंप, ना विजेचं बिल. आम्ही पोरं बंब्याला कान लावून आतली खळखळ ऐकायचो.

याच हिकमतीची दुसरी करामत म्हणजे पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर या सुफी संताच्या दर्ग्यात डोंगरातलं पाणी आणून उंच भिंतीवरून हौदात सोडलेलं, आणि त्याच पाण्याच्या रेट्यावर जातं फिरायचं. फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ निघायचं. पर्यटक हौदातले मासे बघून परततात. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. बाहेर मे महिना पेटलेला असतो तेव्हा त्या दालनात एकदा जाऊन बसा.

आजीची गोष्ट मात्र नहरीची नव्हती. तिचं माहेर पैठणच्या बाजूचं, गोदाकाठचं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं आणि शंभराहून अधिक गावांसारखं तिचंही गाव धरणाच्या जलाशयात, नाथसागरात गेलं. जोत्याचे दगड, मारुतीचं देऊळ, चिंचेचा पार, सगळं. पुढे त्याच धरणाचं पाणी आमच्या नळाला आलं. नळ सात-आठ दिवसांनी यायचा आणि आजी पिंप भरताना पुटपुटायची, ‘‘माहेर घेतलं, निदान पाणी तरी रोज द्या.’’

पाण्याच्या हक्काचा हा सगळा खटला आता वरच्या पातळीवर चालतो. २००५ च्या कायद्याने राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं. मेंढेगिरी समितीच्या सूत्राप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या अंगाच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०१६ साली उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. तरी तुटीच्या वर्षी वरचे म्हणतात सोडणार नाही, खालचे म्हणतात घेतल्याशिवाय राहणार नाही. आजोबांच्या आळीचंच भांडण, फक्त हंड्यांच्या जागी टीएमसी. मराठवाड्याची मागणी रास्त आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. टेलला, म्हणजे पाण्याच्या वाटेच्या शेवटच्या टोकाला असणाऱ्याचा हक्क म्हणजे उपकार नव्हे.

पण आपल्याच गावात टेलला कोण आहे, हे कधी पाहतो आपण? नव्या वसाहतींच्या टोकाला लोक टँकरची वाट बघत बसलेत, आणि नहरीच्या वाटेवर घरं, दुकानं, रस्ते चढलेत. कुठे बंबा फोडलाय, कुठे त्यात कचरा. चारशे वर्षांची ही वाट आज अख्ख्या शहराची तहान भागवणार नाही, हे खरं. पण बागा, दवाखाने, एखादी आळी यांची गरज तरी भागेल.

तेव्हा जायकवाडीच्या हक्काच्या पाण्यासाठी पुढचा मोर्चा निघेल त्याच्या निवेदनात एक ओळ वाढवा: नहरीवर यापुढे एकही वीट चढू देऊ नका, आणि बुजलेले बंबे उपसा.