गोतेनयामाची टेकडी आणि साकुराचा बहर

रत्नागिरीला शिक्षकांच्या एका मेळाव्यात आम्ही दोन जपानी चित्रांच्या प्रती नेल्या होत्या. दोन्ही चित्रे एकाच टेकडीची आणि दोन्हींत साकुराची, म्हणजे जपानी चेरीची, झाडे बहरलेली. चित्रांमध्ये सुमारे पंचवीस वर्षांचे अंतर. ‘काय फरक दिसतो?’ एवढेच आम्ही विचारले. रंग, माणसे, फुजी पर्वत अशी उत्तरे आली. मग मागच्या बाकावरून एक बाई म्हणाल्या, “सर, दुसऱ्या चित्रातली टेकडी कापली आहे. आमच्याकडे चिरेखाण काढल्यावर डोंगर दिसतो ना, अगदी तसा.”

उत्तर बरोबर होते. जांभा दगडाच्या उभ्या कापलेल्या भिंती रोज पाहणाऱ्या डोळ्यांनी ते चटकन टिपले होते. फुलांचे सुंदर चित्र इतिहासाचा पुरावाही असू शकते. पण तो पुरावा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे तपासून घ्यावे लागते. त्यासाठी ही चित्रे कशी तयार होत, येथून सुरुवात करू.

ही चित्रे हाताने रंगवलेली नाहीत, लाकडी ठशांनी छापलेली आहेत. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करी. कोरणारा कारागीर तो कागद फळीवर उलटा चिकटवी आणि रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढी. प्रत्येक रंगासाठी बहुधा वेगळा ठसा लागे. सगळे रंग आपापल्या जागी बसावेत म्हणून फळीवर कोपऱ्यात आणि कडेला खुणा कोरलेल्या असत. त्या खुणांना कागद टेकवून छापणारा मागून बांबूच्या सालीची गादी घासून रंग उतरवी. चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि पैसे घालणारा प्रकाशक अशा चौघांचे हे काम होते. अनेक रंगांची अशी छपाई १७६५ च्या सुमारास रुळली, आणि सामान्य माणसाला परवडतील अशा किमतीत चित्रे मिळू लागली.

फळीचे लाकूड कोणते, हे मुलांना आधी ओळखायला सांगावे. ते होते चेरीचेच. यामाझाकुरा या डोंगरी चेरीचे लाकूड कठीण आणि बारीक पोताचे असते. केसाएवढी रेषा कोरली तरी ती टिकते आणि शेकडो प्रती काढता येतात. चेरीचा बहर चेरीच्याच लाकडावरून कागदावर उतरत होता. (ही चेरी म्हणजे फळांसाठी लावतात ती नव्हे. हिमालयात वाढणारा पद्मकाष्ठ हा वृक्ष तिचा जवळचा भाऊबंद.)

आता त्या दोन चित्रांकडे वळू. टेकडीचे नाव गोतेनयामा. जपानच्या शोगुनांची राजधानी एदो, म्हणजे आजचे टोकियो. तिच्या दक्षिण सीमेवर, शिनागावा या समुद्रकाठच्या वस्तीला लागून ही टेकडी होती. ‘गोतेन’ म्हणजे वाडा आणि ‘यामा’ म्हणजे डोंगर. शोगुनांचा विश्रामवाडा एके काळी तेथे होता, त्यावरून हे नाव पडले. पुढे ही टेकडी चेरीच्या बहरासाठी प्रसिद्ध झाली.

पहिले चित्र होकुसाईचे. ‘फुजीची छत्तीस दृश्ये’ ही त्याची मालिका १८३० च्या सुमारास निघू लागली. ती इतकी खपली की आणखी दहा चित्रे वाढवावी लागली आणि एकूण ४६ झाली. त्यांतल्या गोतेनयामाच्या चित्रात लोक बहराखाली मजेत खातपीत आहेत, खाली घरांची छपरे आहेत आणि दूरवर फुजी पर्वत आहे.

दुसरे चित्र हिरोशिगेचे. ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्ये’ ही मालिका त्याने १८५६ मध्ये सुरू केली, आणि १८५८ मध्ये त्याचा मृत्यू झाला तोपर्यंत तिचे काम चालू होते. गोतेनयामा तिच्यातही आहे. वर चेरीची झाडे फुललेली आहेत, पण त्यांच्या खाली डोंगराची उभी कापलेली, उघडी माती दिसते.

मधल्या काळात काय घडले? जुलै १८५३ मध्ये अमेरिकन नौदलाचा अधिकारी पेरी चार युद्धनौका घेऊन एदोच्या उपसागराच्या तोंडाशी आला आणि जपानने आपली बंदरे उघडावीत अशी मागणी केली. उत्तरासाठी पुन्हा येईन, असे सांगून तो गेला. घाबरलेल्या शोगुन सरकारने राजधानीच्या रक्षणासाठी शिनागावासमोरच्या उथळ समुद्रात तोफांचे बुरूज उभारायला घेतले. समुद्रात भराव घालायचा तर माती आणि दगड हवेत. ते जवळच्या गोतेनयामातून काढण्यात आले. त्या बुरुजांवरून पेरीच्या नौकांवर तोफ डागण्याची वेळ आली नाही. १८५४ मध्ये तह झाला आणि बंदरे उघडली. यांतल्या एका बुरुजाच्या जागी आज सार्वजनिक बाग आहे. कापलेली टेकडी मात्र पूर्वीसारखी झाली नाही.

हिरोशिगेला सरकारवर टीका करायची होती का? चित्र तसे सांगत नाही. त्या काळी प्रत्येक चित्र छापण्यापूर्वी तपासनिसाची मंजुरी लागे आणि राजकारणावर चित्रे काढण्यास मनाई होती. आपण एवढेच म्हणू शकतो की कापलेली बाजू त्याने लपवली नाही.

मंजुरीचा शिक्का आपल्याला आणखी एका कारणाने उपयोगी पडतो. या मालिकेतल्या चित्रांवर वर्ष आणि महिना दाखवणारा शिक्का असतो. वर्ष प्राण्याच्या नावाने असते. १८५६ हे ड्रॅगनचे वर्ष होते. मात्र ही तारीख छपाईच्या मंजुरीची आहे, बहराची नव्हे. त्या महिन्यात झाडे फुलली होती असे त्यावरून म्हणता येणार नाही. पुढे प्रकाशकाने या मालिकेची अनुक्रमणिका ऋतूंनुसार लावली, तीही चित्रे काढल्याच्या क्रमाने नव्हे.

रंगाच्या बाबतीतही अशीच सावधगिरी हवी. जुन्या प्रतींत बहर कधी कधी जवळजवळ पांढरा दिसतो. म्हणून एदोतील चेरी पांढरी होती असे ठरवणे चुकीचे होईल. या चित्रांत गुलाबी छटेसाठी ‘बेनी’ नावाचा रंग वापरत, आणि तो मिळे करडईच्या पाकळ्यांतून. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे तेलासाठी पेरतात तीच ही करडई. तिचा तांबडा रंग उजेडात उडून जातो. हे वर्गात करून पाहता येते. वाळलेल्या पाकळ्या थंड पाण्यात पुन्हा पुन्हा धुतल्या की पिवळा रंग निघून जातो. मग त्या धुण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यात भिजवाव्यात, गाळून घ्याव्यात आणि त्या पाण्यात लिंबाचा रस घालावा. त्यात बुडवलेल्या सुती चिंधीवर गुलाबी रंग चढतो. तिचा एक तुकडा उन्हात आणि दुसरा वहीत ठेवून महिन्याभराने दोन्ही ताडून पाहावेत. (सोड्याच्या पाण्यात मुलांनी हात घालू नयेत.)

तिसरा प्रश्न झाडाचा. आज टोकियोत आठवडाभर सगळे शहर एकदम फुललेले दिसते, ते मुख्यतः सोमेइ-योशिनो या जातीमुळे. ही जात एदोजवळच्या सोमेइ गावातील माळ्यांनी एकोणिसाव्या शतकात पसरवली. तिचे नाव १९०० मध्ये रूढ झाले. तिची झाडे बियांपासून वाढवत नाहीत, कलमे करतात. त्यामुळे सगळी झाडे आनुवंशिक दृष्ट्या एकच असतात आणि एका परिसरात ती बरोबरीने फुलतात. होकुसाईच्या काळी लोकांच्या ओळखीची चेरी बहुतांशी वेगळी होती. यामाझाकुराला फुलांबरोबरच तांबूस पालवी फुटते आणि प्रत्येक झाडाची वेळ थोडी निराळी असते. आजचा बहर डोळ्यांसमोर ठेवून जुने चित्र पाहिले तर आपली फसगत होते.

कोकणातल्या वाचकाला हे वेगळे समजवायला नको. हापूस कलमाचा, रायवळ कोयीचा. हापूसचे प्रत्येक कलम मूळ झाडाची नक्कल असते, तर रायवळाचे प्रत्येक झाड वेगळे. जुन्या चित्रातील किंवा छायाचित्रातील आंबा पाहताना तो कलमी की रायवळ, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

बहराच्या तारखांसाठी चित्रांपेक्षा चांगला पुरावा जपानमध्येच आहे. क्योतो येथील दरबारी, भिक्षू आणि इतरांच्या रोजनिशांतून बहराचे उल्लेख शोधून ओसाकाचे संशोधक यासुयुकी आओनो यांनी इ.स. ८१२ पासूनच्या तारखांची मालिका जुळवली. तुलना खरी ठरावी म्हणून त्यांनी यामाझाकुरा हीच एक जात धरली. त्या मालिकेत २०२१ चा पूर्ण बहर २६ मार्चला नोंदला आहे. त्याआधीची सर्वांत लवकरची तारीख १४०९ मधील २७ मार्च ही होती. वसंत ऋतू लवकर तापू लागल्याचा हा बाराशे वर्षांचा पुरावा आहे. रोजनिशी लिहिणाऱ्यांना हवामानशास्त्र ठाऊक नव्हते. फुले पाहिली तो दिवस त्यांनी लिहून ठेवला, एवढेच.

मेळाव्याच्या शेवटी त्या बाईंनीच विचारले, “सर, आमच्या डोंगराचे असे चित्र कुणी काढले आहे का?” आमच्याजवळ तसे चित्र नव्हते. पण नोंद आजही सुरू करता येईल. शाळेच्या अंगणातून दिसणारा एक डोंगर आणि आंब्याची दोन झाडे, एक कलमी आणि एक रायवळ, निवडावीत. दरवर्षी त्याच जागी बसून मुलांनी त्यांचे चित्र काढावे आणि खाली तारीख घालावी. कोकणात मोहोर एकदम न येता टप्प्याटप्प्याने येतो, म्हणून पहिला तुरा कधी दिसला आणि निम्मे झाड कधी मोहोरले, या दोन तारखा वेगळ्या लिहाव्यात. पाऊस किंवा धुके आले तर तेही नोंदावे. वही शाळेच्या कपाटात ठेवावी, मुलांबरोबर घरी जाऊ देऊ नये.

डोंगर कापला गेला किंवा मोहोर मागेपुढे सरकला, तर पंचवीस वर्षांनी त्या शाळेत येणाऱ्या शिक्षकांना दोन चित्रे शेजारी ठेवून ते मुलांना दाखवता येईल.