उड्डाणाची परवानगी

विमानविद्येच्या पहिल्या दीड दशकात वैमानिकाला आकाशात जाण्यासाठी कोणाचीही परवानगी घ्यावी लागत नसे. विमानतळ म्हणजे बहुधा एक विस्तीर्ण गवताळ मैदान असे. त्याच्या कडेला खांबावर फुगणाऱ्या कापडी वातदर्शकावरून वाऱ्याची दिशा पाहावी, विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवावे, समोर दुसरे विमान नाही अशी डोळ्यांनी खात्री करावी आणि इंजिनाला पूर्ण जोर द्यावा, एवढाच उड्डाणाचा विधी होता. लाकूड आणि कापड यांच्या हलक्या विमानांना समोरचा वारा फार मोलाचा होता, कारण पंखांना आवश्यक असलेल्या हवेच्या वेगाचा काही भाग वारा आयताच पुरवी आणि विमान थोड्या अंतरात जमीन सोडी. मैदानाला ठरावीक दिशा नसल्यामुळे वारा कोठूनही आला तरी लहान विमानाची अडचण होत नसे. नियंत्रित विमानतळ, म्हणजे ज्याच्या जमिनीवर आणि लगतच्या आकाशात नियंत्रकाच्या परवानगीशिवाय विमान हलत नाही असा विमानतळ, ही कल्पना या मोकळेपणाला मर्यादा घालीत हळूहळू घडत गेली; आणि तिचा जवळजवळ प्रत्येक नियम कोणत्या ना कोणत्या अपघाताने लिहविला आहे.

लंडनच्या दक्षिणेस असलेल्या क्रॉयडनला या इतिहासात मानाचे स्थान आहे. १९२० मध्ये तो लंडनचा अधिकृत विमानतळ झाला आणि त्याच वर्षी तेथे नियंत्रण मनोरा उभा राहिला. हवाई वाहतुकीच्या नियंत्रणासाठी बांधलेला जगातील पहिला मनोरा म्हणून त्याची गणना होते. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समध्ये, खराब हवेत एकाच रस्त्याचा माग काढीत समोरासमोर उडणारी दोन प्रवासी विमाने एकमेकांवर आदळली आणि दोन्हींतील सातही जण मृत्युमुखी पडले. खाली पाहून रस्ता धरायचा आणि समोर पाहून धडक टाळायची, या तत्कालीन पद्धतीतील धोका त्या धडकेने उघड केला. याच वर्षी क्रॉयडन येथे निघणाऱ्या विमानांना क्रमांक देऊन, आपली पाळी आल्यावर मनोऱ्यावरून निशाणाची खूण झाल्याखेरीज निघायचे नाही, असा प्रघात घातला गेला. रांग लावणे आणि खुणेची वाट पाहणे या दोन साध्या गोष्टींतून पुढची सारी व्यवस्था वाढली. क्रॉयडनच्या गवतावर धुक्यातील उड्डाणासाठी एक लांब पांढरी रेघ आखलेली असे. तिच्यावर नजर ठेवून विमान सरळ धावत नेणे हे वैमानिकाचे कसब आणि त्या वेळी ते सुटावे की नाही हा मनोऱ्याचा निर्णय, अशी जबाबदारीची वाटणी तेथे प्रथम दिसते.

अमेरिकेतील सेंट लुईसच्या विमानतळावर १९२९ मध्ये आर्ची लीग नावाचा गृहस्थ याच कामावर होता. तो एका ढकलगाडीत खुर्ची, मोठी छत्री, टिपणवही, दुपारचा डबा आणि दोन निशाणे घालून ती मैदानावर ढकलीत नेई. चौकटींचे निशाण दाखवले की निघायचे, लाल दाखवले की थांबायचे. पुढच्याच वर्षी क्लीव्हलंड येथे रेडिओने सज्ज असलेला मनोरा सुरू झाला. तथापि लहान विमानांत रेडिओ बसवणे पुष्कळ काळ परवडणारे नव्हते आणि म्हणूनच निशाणांची जागा हातात धरायच्या प्रखर दिव्याने घेतली. जमिनीवरील विमानासाठी स्थिर हिरवा प्रकाश म्हणजे उड्डाणाची परवानगी, लुकलुकणारा हिरवा म्हणजे धावपट्टीकडे जाण्याची मुभा, स्थिर लाल म्हणजे जागीच थांबणे. आणि वैमानिकाने पंखांच्या टोकांकडील किंवा शेपटीवरील फळ्या हलवून ती खूण कळल्याचे दाखवायचे. रेडिओ बंद पडल्यास हीच भाषा आजही कायद्याने मान्य आहे आणि शिकाऊ वैमानिकाला ती पाठ करावी लागते.

लहान विमानांच्या वाढीचा काळही हाच होता. १९२५ मध्ये आकाशात झेपावलेल्या डी हॅविलँड मॉथ या दोन आसनी विमानाने उड्डाण हौशी माणसाच्या आवाक्यात आणले आणि त्यातूनच ठिकठिकाणचे फ्लाइंग क्लब उभे राहिले. मुंबईत जुहूचे मैदान १९२८ पासून या कामी आले. तेथील क्लबात शिकून जे. आर. डी. टाटांनी १९२९ मध्ये भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळवला. भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी ठेवलेल्या पारितोषिकासाठी १९३० मध्ये टाटा कराचीहून क्रॉयडनकडे निघाले, तर अस्पी इंजिनिअर उलट दिशेने भारताकडे आले आणि त्यांनीच ते जिंकले. क्रॉयडनच्या शिस्तीत एवढीशी मॉथ आणि मोठे प्रवासी विमान यांना एकाच मनोऱ्याचे ऐकावे लागे, ही समानता नियंत्रित विमानतळाची खरी ओळख म्हटली पाहिजे.

पुढे विमाने जड होत गेली, गवत त्यांना पेलेनासे झाले आणि काँक्रीटच्या धावपट्ट्या आल्या. धावपट्टीला तिच्या चुंबकीय दिशेच्या अंशांवरून क्रमांक मिळाला, म्हणजे पूर्वेकडे, ९० अंशांकडे तोंड असलेली ०९ आणि त्याच पट्टीचे उलट टोक २७. मोठ्या विमानांची सोय झाली. लहान विमानाला मात्र वारा आडवा असतानाही त्या एकाच रेषेवरून निघण्याची वेळ आली. १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेची पायाभरणी झाली आणि परवानगीचे शब्द, प्रकाशाच्या खुणा व नियंत्रकांची कर्तव्ये यांना जगभर एकसारखे रूप मिळू लागले.

या शब्दांची सर्वांत कठोर परीक्षा २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफे बेटावर झाली. दाट धुक्यात धावपट्टीच्या टोकाशी उभ्या असलेल्या केएलएमच्या विमानाला उड्डाणानंतरच्या मार्गाची मंजुरी मिळाली होती, उड्डाणाची नव्हे. कप्तानाने तरीही विमान सोडले. नियंत्रकाने थांबण्यास सांगितले त्याच क्षणी दुसऱ्या विमानाचा संदेश त्याच लहरीवर आल्याने केएलएमच्या कॉकपिटमध्ये त्यातला बराचसा भाग कर्कश आवाजात बुडाला. धावपट्टीवर असलेल्या पॅन ॲमच्या विमानाशी झालेल्या त्या धडकेत ५८३ माणसे गेली. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, इतर सर्व प्रसंगी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक पडला. परवानगी जशीच्या तशी उलट वाचून दाखवण्याची सक्तीही अधिक कडक झाली. चार आसनी सेसनाचा शिकाऊ वैमानिकही आज हेच नियम पाळतो.

आजच्या लहान विमानाच्या प्रस्थानात हा सारा इतिहास थरांनी साठलेला आहे. वैमानिक प्रथम विमानतळाच्या हवामानाचे आणि चालू धावपट्टीचे ध्वनिमुद्रित निवेदन ऐकतो, मग जमिनीवरील हालचालींच्या नियंत्रकाकडे धावपट्टीपर्यंत जाण्याची मुभा मागतो आणि धावपट्टीपूर्वी रंगवलेल्या थांबारेषेच्या अलीकडे विमान उभे करतो. तेथे इंजिनाची गती वाढवून दोन मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी निर्माण करणारी दोन स्वतंत्र यंत्रे, आळीपाळीने बंद करून पाहिली जातात. एक बंद केल्यावर इंजिनाच्या फेऱ्या किंचित उतरल्या पाहिजेत, पण फार उतरता कामा नयेत. हे समाधानकारक झाल्यावरच मनोऱ्याच्या लहरीवर ‘सज्ज’ असे कळवायचे. पुढे मोठे जेट नुकतेच उडाले असेल तर त्याच्या पंखांच्या टोकांपासून मागे पडणारे हवेचे भोवरे लहान विमानाला सहज उलथवू शकतात. म्हणून जड विमानामागून त्याच जागेवरून निघताना दोन मिनिटे आणि धावपट्टीच्या मधल्या छेदावरून निघताना तीन मिनिटे अंतर राखले जाते. मधल्या छेदावरून निघण्याची सवलत लहान विमानाला सोयीची, पण जोखमीचीही आहे. १ फेब्रुवारी १९९१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये अशाच छेदावर रात्री थांबवलेल्या छोट्या प्रवासी विमानाचा नियंत्रकाला विसर पडला, त्याच धावपट्टीवर उतरणारे जेट त्याच्यावर आदळले आणि ३५ जण दगावले.

परवानगीचा अर्थ मात्र आज्ञा असा कधीच नव्हता, ही गोष्ट या इतिहासात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमानाबाबतचा अंतिम अधिकार कप्तानाचाच असतो. वारा फार आडवा वाटला, भोवऱ्यांची भीती वाटली किंवा इंजिनाचा आवाज खटकला, तर मिळालेली परवानगी नाकारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. एक माणूस संपूर्ण आकाश पाहतो आणि दुसरा आपले विमान ओळखतो; या दोघांपैकी कोणालाही एकट्याने निर्णय पुरा करता येत नाही. जुहूमध्ये हे अधिकच ठळकपणे दिसते, कारण सांताक्रूझचा मोठा विमानतळ त्याच्या अगदी शेजारी वाढला. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सचे डीसी-८ विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरले आणि तिच्या टोकापलीकडे गेले. ज्या मैदानावरून एकेकाळी मॉथ विमाने केवळ वारा पाहून सुटत, तेथून आज मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात आणि प्रत्येक प्रस्थानासाठी जुहूच्या मनोऱ्याला मुंबईच्या नियंत्रकांशी समन्वय साधावा लागतो.